पंप नवा, दुखणं जुनंच: घाटात दम सोडणारी गाडी

इंजिनाला दाबानं डिझेल देणारा डिझेल पंप बदलला, टायमिंग (डिझेल सुटायची वेळ) बांधलं, आठ-दहा दिवस गाडी नव्यासारखी ओढली आणि मग परत तेच. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायला येते, चढाला गाडी दम सोडते, बाजूला घेऊन लाईनमध्ये हातानं डिझेल चढवायचा हँडपंप मारला की पुढचे दोन-चार किलोमीटर सुरळीत जाते. हे ज्याच्या वाट्याला आलंय त्याच्यासाठी लिहितोय. माझ्या गाडीचा पंप एका हंगामात दोनदा उतरला. पहिल्यांदा उतरवायची गरज नव्हती. दुसऱ्यांदा उतरवला तेव्हा तर एक नवीन दोष पदरात पडला.

गाडी जुनी सहाचाकी, चार सिलिंडर, इनलाइन पंप, म्हणजे दर सिलिंडरला एक प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या), सगळे एका ओळीत. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. आपल्याकडे अशा पंपाला गॅरेजात अजून सरसकट ‘मायको’ म्हणतात. बेंगळुरूच्या त्या कंपनीचं नाव २००८ सालीच बॉश झालं, तरी पंपाचं नाव काही बदललं नाही. खाली जे आहे ते अशा मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या नव्या गाडीला यातलं बरंच लागू पडत नाही, आणि त्या गाडीचा हाय प्रेशरचा नट इंजिन चालू असताना सैल करायला कुणी जाऊ नये. तिथं हजार बारच्या वर प्रेशर असतं, ती धार हाताची कातडी फोडून आत जाते.

माझं भाडं म्हणजे मिरकरवाडा बंदरावरून मासळी आणि बर्फ. हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे, साखरपा, मग आंबा घाट चढून मलकापूरवरून कोल्हापूर. साखरप्यापर्यंत गाडी कधी काही बोलायची नाही. घाट लागला आणि दोन-तीन वळणं गेली की आवाज बदलायचा. ऍक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, तरी गाडी हिसके द्यायची, एकेक गिअर खाली यायचा, शेवटी पहिल्यावर रांगायची. मागे बर्फ वितळतोय, मासळीचा भाव दर तासाला पडतोय, आणि आपण घाटात बॉनेट उघडून उभे. ती घालमेल ज्यानं भोगलीय त्याला वेगळं सांगायला नको.

मिस्त्रीनं गाडी पाहिली आणि म्हणाला, प्लंजर गेले. बोलण्यात तथ्य वाटत होतं. पंप जुना होता, गाडी चढत नव्हती, सकाळी चालू व्हायला त्रास होता. पंप उतरवला, रिकंडिशन केलेला दुसरा बसवला. खर्च झाला तो महिन्याच्या भाड्याएवढा. पुढचे आठ दिवस गाडी सुंदर चालली. आता कळतं की ती का चालली. पंप बसवताना सगळी एअर काढली होती, मी खुशीत टाकी काठोकाठ भरली होती, आणि त्या आठवड्यात सगळी भाडी लांज्या-राजापूरकडची होती. आंबा घाट चढलोच नव्हतो.

दोष परत आला तेव्हा पंप परत उतरला. पंपरूममध्ये बेंचवर (पंप तपासायच्या मशिनवर) लावला, चारही प्लंजरची डिलिव्हरी सारखी आली. ‘पंप ओके आहे’ एवढंच उत्तर मिळालं. परत बसवला, तर गाडी आधीपेक्षाही वाईट. आता रिकामी गाडीसुद्धा निवळीचा चढ चढताना धापा टाकायला लागली.

शेवटी उपयोगी पडला तो ट्रकचा मिस्त्रीच नव्हे. बंदरावर ट्रॉलरची इंजिनं करणारे एक चाचा आहेत. लाँचीवरही असेच इनलाइन पंप असतात, आणि इंजिन समुद्रात बंद पडलं तर तिथं ना गॅरेज, ना टोचन करायला गाडी. चाचांनी पाना हातातसुद्धा घेतला नाही. आधी तीन प्रश्न विचारले.

“टाकीत किती डिझेल असताना होतं?”

मी म्हटलं, फुल असताना त्रास नाही, अर्ध्याच्या खाली आलं की सुरू होतं.

“रात्री गाडी उभी करतोस ती नाक कुठं करून?”

घरासमोर चढ आहे, नाक वर. मग आठवलं, एकदा पाहुणे आले होते म्हणून गाडी उलटी, नाक खाली करून लावली होती. त्या सकाळी एका सेल्फात चालू झाली होती. मी त्याला नशीब समजलो होतो.

“हँडपंप मारताना पहिले धा-पंधरा दाब पोकळ जातात का लगेच घट्ट लागतो?”

पोकळ जातात.

“मग बाबू, पंप काय करील? त्याला डिझेल नाय पोचत, वारा पोचतोय.”

ते पुढं काय म्हणाले ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्यात आहे. मोठ्या पंपाच्या अंगावर एक छोटा फीड पंप असतो. टाकीपासून त्या फीड पंपापर्यंतची लाईन ओढीवर चालते. फीड पंप डिझेल ओढतो, त्यामुळे त्या लाईनमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो. तिथं सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली वाकून कितीही पाहिलं तरी ओल दिसत नाही, आणि गळती नाही असं आपण समजतो. फीड पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि पंपाच्या गॅलरीत (प्लंजरना डिझेल पुरवणाऱ्या आतल्या पोकळीत), साधारण एक ते दीड बार दाब असतो. तिथली गळती डिझेल बाहेर टाकते, ती डोळ्याला दिसते. दिसणारी गळती आपण काढतो. त्रास देते ती न दिसणारी.

आता ओढ कशानं वाढते ते पाहा. टाकीतलं डिझेल खाली गेलं की फीड पंपाला ते जास्त उंचावर खेचावं लागतं. गाडी चढाला लागली की इंजिन वर आणि मागची टाकी खाली, फरक चार बोटांचा का होईना, वाढतो. पूर्ण लोडवर डिझेल जास्त लागतं म्हणून लाईनमधून जास्त वेगानं खेचलं जातं. आंबा घाटात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. सपाटीवर त्या भोकातून एखादा बुडबुडा जात असेल, तो जादा डिझेलबरोबर ओव्हरफ्लोमधून परत टाकीत निघून जायचा. घाटात बुडबुड्यांची माळ लागायची. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. प्लंजरखाली हवा आली की ती नुसती आकसते, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल उघडायला लागणारा दोनशे बारच्या आसपासचा दाब तयारच होत नाही. तो सिलिंडर त्या फेरीला रिकामा जातो. हिसके येतात ते यामुळे.

रात्रीचंही तेच. नाक वर करून उभी केली की लाईनचा पुढचा भाग टाकीतल्या डिझेलपेक्षा उंच राहतो. भोकातून हवा शिरते आणि लाईनमधलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. सकाळी पंपाला मिळते रिकामी लाईन. टाकी फुल असली किंवा नाक खाली असलं तर डिझेल उतरायला जागाच नसते.

हे कळल्यावर ते सिद्ध करायचं होतं. दोनदा अंदाजावर पैसे घातले होते, तिसऱ्यांदा घालायचे नव्हते.

पहिली गोष्ट, पारदर्शक पाईप. गवंडी लेव्हल घ्यायला वापरतात तशी हातभर नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. फीड पंपाच्या तोंडाशी येणारा रबरी पाईप काढून मधे ती नळी घातली, दोन्हीकडे क्लिपा घट्ट केल्या. ही नळी डिझेलनं काही दिवसांत कडक होते आणि तडकते, म्हणून ती फक्त तपासणीपुरती. कायम ठेवू नका. इंजिन चालू केलं, आयडलवर दर थोड्या वेळानं एक बारीक बुडबुडा. रेस दिली तर साबणाच्या पाण्यासारखा फेस. मी तो फेस पाहिला आणि अक्षरशः जमिनीवर बसलो. तीन महिने जे शोधत होतो ते समोर वाहत होतं.

बुडबुडे इथं दिसले म्हणजे दोष टाकी आणि ही नळी यांच्या मधे. इथं डिझेल स्वच्छ असतं आणि फीड पंपानंतर फेस असता, तर फीड पंपाचा हँडपंप, त्याची वायसरं किंवा पंपाच्या अंगावर तो बसतो तिथलं पॅकिंग तपासावं लागलं असतं. पंप बदलताना फीड पंप बहुतेक जुनाच उचलून नव्या पंपाला लावतात आणि वायसरंही जुनीच ठेवतात, त्यामुळे हे ठिकाण विसरू नका. हँडपंपाची मूठ मारून झाल्यावर खाली दाबून आटे घट्ट बसवली नाही तर तिथूनही हवा येते. इतकं साधं कारणसुद्धा मी दुसऱ्याच्या गाडीत पाहिलंय.

दुसरी गोष्ट, कॅन. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, गाळून घेतलेलं डिझेल, आणि त्यातून थेट फीड पंपाला पाईप. रिटर्नचा पाईपही त्याच कॅनमध्ये. टाकी, लाईन, सगळं बाजूला. कॅन सायलेन्सर आणि पंख्यापासून लांब, घट्ट बांधलेला, आणि गाडी उभी. इथं एक बारकावा आहे, तो चाचांनी सांगितला नसता तर मी चुकलो असतो. कॅन उंच टांगला तर डिझेल आपल्या वजनानं उतरतं आणि फीड पंप कमजोर असेल तर ते झाकलं जातं. म्हणून एकदा वर टांगून पाहायचं आणि एकदा खाली, टाकीच्या उंचीला ठेवून. वर ठेवल्यावर ठीक आणि खाली ठेवल्यावर त्रास, तर फीड पंप. दोन्हीकडे ठीक, तर फीड पंप आणि मोठा पंप दोघंही निर्दोष. माझ्या गाडीत दोन्हीकडे बुडबुडा नाही. रात्रभर कॅन खाली ठेवून, नाक वर करून गाडी उभी ठेवली. सकाळी पहिल्याच सेल्फात चालू.

मग लाईन उतरवली. चासीच्या कडेनं जाणारा लोखंडी पाईप, चार ठिकाणी क्लॅम्प. एक टोक बंद केलं, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप, आणि पाईप साबणाच्या पाण्याच्या टपात. कॉम्प्रेसरची पूर्ण हवा मारू नका, आणि टाकीत तर हवा भरूच नका. पुढून दुसऱ्या क्लॅम्पच्या जागी गंजाचा पापुद्रा होता. नखानं खरवडला आणि बुडबुडे सुरू.

आणि तिथंच का, हेही दिसलं. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यातलं बर्फाचं पाणी जायचं भोक बरोबर त्या क्लॅम्पवर होतं. मासळीच्या बर्फाचं पाणी म्हणजे मिठाचं पाणी. ते क्लॅम्पच्या खाली जाऊन बसतं, रोज ओलं, कधी वाळत नाही. वरून रंग शाबूत आणि आतून लोखंड खाल्लेलं. आपल्या किनाऱ्यावर गाडी मासळीची नसली तरी खारा वारा आहेच, आणि चार महिने पाऊस. देशावरच्या मिस्त्रीला क्लॅम्पखाली पाहायची सवय नसते, त्यात त्याचा दोष नाही. पण रत्नागिरी, मालवण, देवगड, श्रीवर्धन भागात गाडी चालवत असाल तर डिझेलच्या दुखण्यात पहिला संशय क्लॅम्पवर घ्या. ब्रेकची लाईनही त्याच कडेनं जाते, ती त्याच वेळी तपासा. ते तर डिझेलपेक्षा महत्त्वाचं आहे.

तो पाईप डाग देऊन चालला असता, पण मी दिला नाही. एका जागी भोक पडलं म्हणजे बाकी तीन क्लॅम्पखालीही अर्धं काम झालेलं असतं. टाकीपासून फीड पंपापर्यंत अख्खी लाईन बदलली. एका गॅरेजवाल्यानं तांब्याची नळी सुचवली, वाकवायला सोपी म्हणून. ती नको म्हटलं. तांबं सततच्या थरथरीनं कडक होऊन तडकतं, आणि तांब्याच्या संगतीनं डिझेलही लवकर खराब होतं. लोखंडी पाईपच घेतला, क्लॅम्पखाली रबर घातलं, रंग दिला. दोन्ही टोकांचे रबरी पाईप नवे, कारण जुन्याचा आतला थर सुटून ओढीबरोबर चिकटतो आणि बाहेरून पाईप मजबूत दिसतो. आणि हौद्याच्या भोकाला वीतभर नळी जोडून पाणी चासीच्या बाहेर पडेल असं केलं. ही नळी लावली नसती तर दोन वर्षांत मी याच जागी परत आलो असतो.

टाकीच्या आतल्या पाईपाबद्दलही सांगतो. माझ्या गाडीत तो चांगला निघाला, पण लक्षण जवळपास असंच असतं. टाकीत डिझेल ओढणाऱ्या उभ्या पाईपला मधेच चीर गेली तर डिझेल त्या चिरेच्या वर असेपर्यंत काही होत नाही. खाली गेलं की हवा. फरक असा ओळखायचा: काटा एका ठरावीक खुणेवर आला की, सपाट रस्त्यावरसुद्धा, एकदम त्रास सुरू होतो. लाईनमधलं भोक असेल तर त्रास चढाबरोबर हळूहळू वाढतो.

तर लाईन बदलली, एअर काढली, नळीत एक बुडबुडा नाही, सकाळी मस्त चालू. आणि तरी निवळीच्या चढाला जोर नाही.

इथं मी खचलो, खरंच सांगतो. पण हा दुसरा दोष होता, पंप दुसऱ्यांदा उतरवला तेव्हा आलेला. पंपाच्या गॅलरीतून रिटर्न पाईप निघतो त्या ठिकाणी जो बॅन्जो बोल्ट (पाईप जोडायचा पोकळ बोल्ट) असतो तो साधा नसतो. त्याच्या पोटात स्प्रिंग आणि गोळी असते, तो ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. तो गॅलरीतला दाब धरून ठेवतो. बेंचवर बोल्टांची अदलाबदल झाली असावी, माझ्या पंपाला साधा पोकळ बोल्ट लागून आला होता. दिसायला दोन्ही जवळपास जुळे. त्यामुळे फीड पंप जेवढं डिझेल देई त्यातलं बरंचसं सरळ टाकीत परत, आणि प्लंजरची पोकळी नीट भरायचीच नाही. आयडलला कळत नाही, लोडला कळतं. बोल्ट काढून त्याच्या एका टोकाला नळीचा तुकडा लावून फुंकून पाहा. हवा आरपार गेली तर तो साधा बोल्ट. व्हॉल्व्ह असेल तर फुंकून उघडत नाही. पंप रिपेअरला देताना हा बोल्ट काढून स्वतःकडे ठेवा, किंवा देण्याआधी सगळ्या जोडांचे फोटो काढा. मी आता फोटो काढतो.

एअर कशी काढायची ते बहुतेकांना माहीत असतं, पण क्रम चुकतो. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल, हँडपंप मारत राहायचं, फेस थांबून सलग डिझेल आलं की हात चालू ठेवूनच स्क्रू घट्ट. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. मग नोझलकडचे नट अर्धा-एक आटा सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल उसळलं की घट्ट. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सलग मारू नका, मधे मिनिटभर थांबा, नाहीतर डिझेलच्या दुखण्यात सेल्फचा खर्च वाढतो. तांब्याची वायसरं शक्यतो नवी घाला. नवी मिळाली नाहीत तर जुनी लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, नरम होतात. अल्युमिनियमची मात्र परत वापरू नका.

पंप बसवून गाडी चालूच होत नसेल, किंवा चालू होऊन पांढऱ्या धुराचा लोट येत असेल, आणि नळीत बुडबुडा नसेल, तर मग टायमिंगकडे जा. पंप क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो. म्हणजे फ्लायव्हीलवरची खूण दोनदा जुळते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्ट संपताना. एक्झॉस्टच्या खुणेवर पंप बसवला तर खूण बरोबर आणि गाडी तरी मेलेली. टॅपेट कव्हर काढून पाहा: एक नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह सैल हवेत आणि चार नंबरचे हलत्या अवस्थेत. टायमिंग थोडं मागे राहिलं तर पांढरा धूर, जोर कमी, इंजिन गरम. पुढे गेलं तर कडक ठोका, आणि तो आवाज ‘नवीन पंपाचा जोर’ समजून चालवू नका, पिस्टन जातो. अंश किती ठेवायचे ते इंजिनागणिक वेगळं असतं, इंजिनाच्या पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये पाहूनच घ्या, ऐकीव आकडा लावू नका. आणि इंजिन नेहमी चालीच्या दिशेनंच फिरवून खुणेवर आणा. पुढे गेलं तर तेवढंच मागे आणून थांबवू नका. बरंच मागे नेऊन परत पुढे आणा, नाहीतर गिअरच्या दात्यांतला ढिलेपणा टायमिंगमध्ये येतो.

चार गोष्टी झटपट. पंप बदलल्यावर कुणालातरी पॅडल पूर्ण दाबायला सांगा आणि पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपरला टेकतो का ते डोळ्यांनी पाहा, कारण केबल एक बोट सैल राहिली तर अर्धा जोर तिथंच जातो. स्टॉपची वायर लिव्हरला थोडं ओढून धरत असेल तर तेच. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मातीनं बुजलं तर वीस-तीस किलोमीटरवर गाडी बंद पडते आणि झाकण उघडताना फुस्स आवाज येतो. चिऱ्याच्या खाणीवर जाणाऱ्या गाड्यांत हे हमखास असतं, ती तांबडी धूळ कुठंही बसते. आणि नव्या इनलाइन पंपाच्या पोटात पहिल्या चालू करण्याआधी इंजिन ऑइल घातलंय का ते मिस्त्रीला विचाराच.

पाण्याबद्दल मात्र थांबून सांगतो. प्लंजर आणि बॅरल यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, डोक्याचा केस त्याच्या वीसेक पट जाड. तिथं वंगण म्हणजे डिझेलच. पाण्याचा थेंब गेला की गंज, आणि गंज धरला की नवा पंपही गेला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की अर्धी रिकामी टाकी रात्रीतून आतून घाम धरते. म्हणून पावसाळ्यात टाकी संध्याकाळी भरावी आणि डिझेलमधलं पाणी धरणाऱ्या सेपरेटरचा नट रोज सकाळी, इंजिन चालू करायच्या आधी, थोडा उघडावा. बाटलीत घेऊन पाहा, पाणी खाली बसतं आणि रेषा स्पष्ट दिसते. पाण्यावर तपकिरी, बुळबुळीत साय दिसली तर टाकीत शेवाळासारखी वाढ झालीय. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं जंतू वाढतात. तेव्हा फिल्टर बदलून भागत नाही. टाकी उतरवून धुवावी लागते, नाहीतर दर पंधरा दिवसांनी फिल्टर बुजतो आणि परत पंपावर बोट जातं.

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ते दोन महिने गाडी दारात होती, मुद्दाम नाक वर करून. आठवड्यातून एकदा चालू करत होतो, नळी लावलेली, बुडबुडा पाहत. ऑगस्टमधल्या पहिल्या भाड्याला ती तपासणीची नळी काढून टाकली आणि पक्का रबरी पाईप बसवला. त्या दिवशी टाकी भरली नाही. काटा पावच्या थोडा वर, मागे पूर्ण लोड, साखरप्यात चहा घेतला आणि घाटाला लागलो. पाऊस मरणाचा, वळणावळणावर पाणी रस्त्यावर आलेलं. कान इंजिनाकडे. दुसऱ्या गिअरवर गाडी एका आवाजात वर गेली, आंबा गावात पोचेपर्यंत एकदाही थांबावं लागलं नाही.